न जन्मलेल्या राजाशी इमान

तुम्ही माझ्या सासूचं तोंड बंद केलंत. चूक झाली म्हणू नका, तुमच्या नियमात ते बसतं. हसतमुखानं, 'डोन्ट वरी मॅम' म्हणत बंद केलंत, आणि तेही अशा वेळी, जेव्हा तिनं बोलावं एवढीच तुमची तिच्याकडून अपेक्षा होती. नागरिकत्वाच्या खात्यातले तुम्ही नेमके कोण हे मला माहीत नाही. तुमच्या ईमेलखाली नाव नसतं. 'या पत्त्यावर उत्तर पाठवू नये' असं मात्र न चुकता असतं. म्हणून हे मी माझ्या भाषेत लिहिते, चारचौघांना वाचता येईल असं. तुम्हाला गरज वाटली तर भाषांतर करून घ्या. आम्ही आमचे जन्माचे, लग्नाचे, मरणाचे सगळे दाखले तुमच्यासाठी भाषांतर करून घेतलेत.

माझ्या सासूबाई रमाबाई. अकोल्याच्या टेलिफोन एक्सचेंजात ऑपरेटर होत्या. आपण फोन उचलून नंबर सांगायचा आणि पलीकडच्या बाईनं वायर खुपसून तो जोडून द्यायचा, त्या काळातल्या. पुढे ते बोर्ड गेले, आईंना बिलांच्या टेबलावर बसवलं, पण आवाज ऑपरेटरचाच राहिला. टोरंटोजवळच्या आमच्या व्हिटबीच्या घरात त्या बेसमेंटमधून 'यशोधरेऽ' म्हणाल्या की वरच्या मजल्यावर माझ्या हातातला कंगवा पडतो. ऑफिसात त्या शुद्ध बोलायच्या म्हणे. घरात वऱ्हाडी.

सासरे गेल्यावर राजरत्न, म्हणजे माझा नवरा, त्यांना इकडे घेऊन आला. आमचं दोघींचं जमेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. मी फटकळ, त्या माझ्या वर. पहिल्याच हिवाळ्यात मी कामावरून आले तर ड्राइव्हवे स्वच्छ आणि आई हातात शोव्हल घेऊन दारात उभ्या, नाक लालभडक.

"अहो, काय हे! पडला असतात म्हणजे?"

"तू काढतेस त्याले बर्फ काढणं म्हणतात काय? रांगोळी घालतेस तू."

त्या दिवसापासून जमलं.

आईंची एकच खंत होती. इथं त्यांना मत देता येत नव्हतं. अकोल्यात त्यांनी एक निवडणूक चुकवलेली नाही. बाळंतपणानंतर अंगात कणकण असताना गेल्या, सासरे 'यंदा एकही माणूस लायकीचा नाही' म्हणून घरी रुसून बसले तेव्हा एकट्या गेल्या. आमच्यासारख्या घरांत मत म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्या पणज्यांना विहिरीला हात लावता येत नव्हता आणि आमच्या आज्यांच्या बोटाला शाई लागली. इथं मतदानाच्या दिवशी मी आणि राजरत्न समोरच्या शाळेत जायचो आणि आई आमच्या ईशानीला सांभाळत घरी बसायच्या. आम्ही परत आलो की म्हणायच्या, "शाई दाखव." इथं शाई लावत नाहीत हे पक्कं ठाऊक असून दर वेळी.

पण नागरिकत्वाला अप्लाय करा म्हटलं की त्यांचं तोंड वाकडं व्हायचं. इथलं घेतलं की भारताचं जातं, कायदा तसा आहे.

"बाबासाहेबांच्या घटनेखालून उठून मी कुठं जाऊन बसू?" त्या म्हणायच्या.

राजरत्न समजावायचा. तो टोरंटोत एका कंपनीत पेरोलचं काम बघतो, समजावणं हा त्याचा स्वभाव आहे. "आई, ओसीआय कार्ड मिळतं. मग व्हिसा लागत नाही, कधीही जाता येतं."

"त्यावर मत देता येते?"

"मत नाही देता येत."

"मग तो बसचा पास झाला, राजू."

त्यांचं मन बदललं ओटावात. तुमच्याच दारात.

मे महिन्यात आम्ही ट्युलिप बघायला गेलो होतो. ईशानी पाचवीत होती, शाळेत सरकार कसं चालतं ते शिकवत होते, म्हणून पार्लमेंटची टूरही घेतली. मुख्य इमारतीचं काम चालू आहे, त्यामुळे खासदार सध्या शेजारच्या इमारतीत काचेच्या छताखाली बसतात. गाइड मुलगी छान सांगत होती. तिचं इंग्रजी भरभर होतं, आईंना निम्मं निसटायचं, मग ईशानी तिच्या मराठीत पुरवायची.

"आजी, लाँग टाइम अगो, इंग्लंडमध्ये, किंग पार्लमेंटमध्ये आला. विथ सोल्जर्स. त्याला फाइव्ह लोकांना अरेस्ट करायचं होतं."

"काहून?"

"बिकॉज ते त्याला नो म्हणायचे. पण ते ऑलरेडी पळाले होते. मग किंगनं स्पीकरला विचारलं, कुठे आहेत ते? अँड द स्पीकर वॉज लाइक, मला डोळे नाहीत, मला टंग नाही. हाउस सांगेल तेवढंच मी बघणार अँड तेवढंच बोलणार."

आई थांबल्या. "असं म्हणाला? राजाले? तोंडावर?"

"ऑन हिज नीज. बट येस."

"हा तर ऑपरेटर आहे," आई म्हणाल्या.

गाइडनं पुढे सांगितलं की त्या दिवसापासून आजवर कुठल्याही राजानं त्या सभागृहात पाऊल ठेवलेलं नाही. इंग्लंडचा राजा तोच इथलाही राजा, पण त्याला किंवा त्याच्या प्रतिनिधीला भाषण करायचं असेल तर ते सिनेटमध्ये, म्हणजे दुसऱ्या सभागृहात. मग त्याचा निरोप्या काळी काठी घेऊन इकडे बोलवायला येतो, त्याच्या नाकासमोर दार धाडकन लावतात, त्यानं तीनदा ठोठावायचं, मग उघडतात. ते सिनेट सध्या कुठे भरतं, तर जुन्या रेल्वे स्टेशनच्या इमारतीत.

"राजाले स्टेशनात बसवतात?" आईंना हसू आवरेना. "ईशानी, विचार तिले. आत्ताचा राजा आला, चांगला नवे कपडे घालून आला, तरी आत नाही?"

ईशानीनं विचारलं. गाइड आईंकडे बघून म्हणाली, "नॉट इव्हन नाउ, मॅम."

आई तिथल्या बाकावर बसल्या. डोळ्यांना पदर लावला. हसून हसून पाणी आलं होतं असं त्या म्हणाल्या. मी त्यांच्याशेजारी बसले.

परतताना किंग्स्टनच्या अलीकडे गाडीत त्यांनी आपणहून विषय काढला. "एकदा एक्सचेंजात फौजदार आला होता. संपाचे दिवस. युनियनचा माणूस कोणाकोणाले फोन लावते, सांगा म्हणे. मी म्हटलं, साहेब, आमच्या कानाले फक्त नंबर ऐकू येतात."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. बदली. मूर्तिजापूर." मग म्हणाल्या, "राजू, तो फॉर्म भर. ज्या घरात राजाले दार लावतात त्या घरात मले चालते. आणि माझी राख इथंच पडायची आहे, तर माझं मतही इथंच पडू दे."

राजरत्ननं रिअर व्ह्यू मिररमधून माझ्याकडे पाहिलं. इतकं खूश मी त्याला आमच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

सगळे कागद गेले, बोटांचे ठसे गेले, बर्फ पडला, वितळला. आईंचं वय जास्त म्हणून परीक्षा नव्हती, तरी तुमची ती अभ्यासाची पुस्तिका त्यांनी ईशानीकडून वाचून घेतली. मग एक दिवस ईमेल आला. शपथविधी ऑनलाइन, घरातूनच. खाली शपथेचा मजकूर. जेवणं झाली होती, ईशानीनं उभं राहून नाटकी आवाजात वाचायला घेतलं. राजाशी खरी निष्ठा बाळगीन, मग राजाचं नाव, मग...

"हिज एअर्स अँड सक्सेसर्स," ईशानी म्हणाली.

"थांब. ते काय?"

"एअर्स म्हणजे, लाइक, किड्स. अँड देअर किड्स. जे किंग होणार."

"वारस," राजरत्न हळूच म्हणाला.

आईंनी ताट उचललं आणि सिंकमध्ये नेऊन ठेवलं. नळ सोडला. पाठमोऱ्याच बोलल्या.

"म्हणजे तो आत येऊ नये म्हणून दार लावतात आणि मागच्या दारानं माझ्याकडून त्याचं इमान घेतात."

"आई, फॉर्मॅलिटी असते गं."

"शपथ फॉर्मॅलिटी असते? कोणी शिकवलं तुले?"

आम्ही दोघांनी ती शपथ पूर्वीच घेतलेली आहे. दातांच्या दवाखान्यात लोक 'आ' करतात तशी. मी त्याच दवाखान्यात काम करते, म्हणून सांगते, तोंड उघडणं निराळं आणि बोलणं निराळं. पण आईंचं तसं नाही. छप्पन साली नागपूरला त्या त्यांच्या आईच्या कडेवर होत्या. ऊन आठवतं आणि आईनं आपला चिमुकला हात धरून वर केलेला आठवतो, बाकी काही नाही. ज्या प्रतिज्ञा तेव्हा कळल्या नव्हत्या त्या त्यांनी पुढे एकेक करून समजून घेतल्या आणि एकेक करून पाळल्या. आमच्याकडे शपथ ही अशी गोष्ट आहे. तिनं माणसाचा जन्म बदलतो.

"राजाचं मी एक वेळ समजून घेईन," आई म्हणाल्या. "म्हातारा माणूस आहे, कोणाच्या अंगावर धावून येत नाही. पण वारस? ज्याचा अजून पाळणा हलला नाही त्याच्याशी मी इमान राखू? तो जन्मला म्हणून मोठा आणि मी जन्मले म्हणून त्याची रयत? राजू, जन्मावरून मोठा नि जन्मावरून लहान, हेच तर टाकून आलो ना आपण?"

राजरत्ननं वाल्मिककाकांना बोलावलं. आमच्या आंबेडकर असोसिएशनचे ते जुने सभासद, सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, कुणाचंही कायद्याचं अडलं की त्यांनाच फोन. रविवारी आले. हातात ईशानीसाठी डोनटचा डबा.

"रमाबाई, तुम्ही उगाच जिवाला लावून घेता," काका म्हणाले. "इथल्या कोर्टानंच सांगितलंय, ती शपथ त्या माणसाला नाहीच. राजा म्हणजे इथल्या घटनात्मक व्यवस्थेचं चिन्ह."

"चिन्ह?"

"हो. सिम्बॉल."

"वाल्मिकभाऊ, तुम्ही हत्तीवर शिक्का मारला होता की नाही कधी?"

काका हसले. "मारला की. कितीदा."

"मग हत्ती घरी आणून बांधला काय? त्याच्या पिल्लाशी इमान राखीन म्हणून हात वर केला होता?"

काकांनी डोनटचा घास घेतला, म्हणजे लगेच बोलावं लागू नये. मग म्हणाले, "पॉइंट आहे. पण शपथ घेतल्याशिवाय नागरिकत्व नाही, आणि नागरिकत्वाशिवाय मत नाही. ऑक्टोबरात नगरपालिकेची निवडणूक आहे. तुम्हीच ठरवा."

"व्यवस्थेशी इमान राखायचं तर व्यवस्थेचं नाव घ्या ना," आई म्हणाल्या. "कायद्याचं घ्या. घटनेचं घ्या. त्या शपथेत पुढं तेही आहे, पोरीनं वाचलं मले. इथल्या मूळ माणसांचे हक्क मानीन असंही आहे. ते मी दोन्ही हात वर करून म्हणते. पुढचं सगळं चांगलं आणि पहिलीच ओळ अशी! पोळी चांगली भाजायची नि वरून राख टाकायची."

काका गेल्यावर राजरत्ननं शेवटचा उपाय काढला. दाराला टेकून, खाली बघत. "आई, झूमवर आहे ना. सगळे म्यूटवर असतात. तुझा आवाज जातच नाही. ओठ हलव. एवढंच."

मी त्याच्याकडे बघितलं. तो चांगला माणूस आहे. घाबरट आहे, पण चांगला आहे.

"म्यूट म्हणजे?" आईंनी विचारलं.

"म्हणजे तिकडे ऐकू येत नाही."

"मी शपथ म्हणीन नि त्यांना ऐकू येणार नाही?"

"हो."

"मग कोणाले म्हणायची?"

ईशानी खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, ती म्हणाली, "आजी, दॅट्स सो वियर्ड. फ्रेंचमध्ये पार्ले म्हणजे बोलणे. मादाम म्हणाली, पार्लमेंट कम्स फ्रॉम दॅट. बोलायची जागा." ती फ्रेंच इमर्शनच्या, म्हणजे सगळं फ्रेंचमधून शिकवणाऱ्या शाळेत जाते, घरात कुणाला येत नाही त्या भाषेत तिला मार्क पडतात.

आई तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या.

शपथविधीच्या दुपारी लॅपटॉप तांदळाच्या डब्यावर ठेवला, म्हणजे आईंचा चेहरा नीट दिसेल. त्यांनी निळी साडी नेसली होती. आधी तुमचा एक अधिकारी एकेकाला वेगळं बोलावून ओळख तपासत होता. गोड बोलणारा होता, मी नाही म्हणत नाही. त्यानं आईंना पीआर कार्ड, म्हणजे इथं कायम राहायचा परवाना, कॅमेऱ्यासमोर धरून कात्रीनं कापायला सांगितलं. आईंनी कोथिंबिरीच्या कात्रीनं कापलं. दोन तुकडे झाले. राजरत्ननं श्वास सोडला, मला ऐकू आला.

"सर, वन क्वेश्चन," आई त्यांच्या एक्सचेंजच्या इंग्रजीत म्हणाल्या. "ओथ टाइम, आय कॅन स्पीक?"

"यू विल बी ऑन म्यूट, मॅम. डोन्ट वरी."

"नो, नो. आय ॲम नॉट वरी. आय वाँट टु स्पीक. वन सेंटेन्स."

"इट गेट्स टू नॉइझी, मॅम. वी जस्ट वॉच एव्हरीबडीज लिप्स." आणि तो पुढच्या माणसाकडे गेला.

मग सगळे एकत्र. स्क्रीनभर माणसं, छोट्या छोट्या खिडक्यांत. कुणी पगडी, कुणी सूट, एका बाईच्या मांडीवर बाळ. समारंभ चालवणाऱ्या बाईंनी चांगलं भाषण केलं, या देशात प्रत्येकाच्या आवाजाला किंमत आहे म्हणाल्या. आई ईशानीकडे वळून कुजबुजल्या, "तो पिवळा हात कुठं आहे? दाब." ईशानीनं हात वर करायचं बटण दाबलं. आईंच्या खिडकीच्या कोपऱ्यात पिवळा हात आला. त्यांना बोलायची परवानगी हवी होती. शपथेआधी एक वाक्य बोलायचं होतं, कायद्याशी इमान राखीन, राजाचं तेवढं वगळा. ते त्यांनी ईशानीकडून इंग्रजीत पाठ करून घेतलं होतं.

त्याच क्षणी बाई म्हणाल्या, "प्लीज रेज युअर राइट हँड."

सगळ्यांचे हात वर झाले. शेकडो हात. त्यात आईंचा तो पिवळा हात कुणाला दिसणार? आई स्क्रीनकडे बघून एकदा खळखळून हसल्या, मग त्यांनी आपला उजवा हातही वर केला.

शपथ सुरू झाली. राजाच्या ओळीला आईंनी ओठ मिटले. नुसते गप्प नाही, असे घट्ट मिटले की हनुवटीवर खळगा पडला. हात वर, मान ताठ, डोळे कॅमेऱ्यात. नाव गेलं, वारस गेले, मग कायद्याचं आलं आणि आईंनी तोंड उघडलं. एक्सचेंजचा तो आवाज! भांडी वाजली. कायदे पाळीन, घटना मानीन, मूळ माणसांचे हक्क मानीन, नागरिकाची कर्तव्यं करीन. इंग्रजी उच्चार वऱ्हाडी, पण शब्द एकही गाळला नाही. मग तीच शपथ फ्रेंचमध्ये, इथं ती दोन्ही भाषांत म्हणवून घेतात. तिथं ईशानी शेजारून आधी म्हणायची आणि आई मागून, आणि राजा आला की ईशानी आजीच्या ओठांवर स्वतःचं बोट ठेवायची. ते बोट तुमच्या कॅमेऱ्यात आलंय. बघा. म्हणजे तुम्ही ओठ बघत होता असं म्हणता, म्हणून सांगते.

कुणी हरकत घेतली नाही. अभिनंदन झालं. राष्ट्रगीत झालं, ते आई सगळ्यात मोठ्यानं म्हणाल्या. मी त्यांना मिठी मारली. राजरत्ननं शिरा केला होता, गूळ जास्त पडला होता, आम्ही खाल्ला.

मग तो फॉर्म. शपथ घेतली अशी सही करून त्याच दिवशी परत पाठवायचा. राजरत्ननं प्रिंट काढून पेनसकट पुढे ठेवला. आईंनी ईशानीकडून वाचून घेतला आणि पेन खाली ठेवलं.

"यात तर तेच सगळं आहे. वारसांसकट."

"हो, मग? सही कर ना."

"मी ते म्हटलंच नाही. सही कशाची करू?"

"आई!" राजरत्नचा आवाज चढला. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, आईंवर तो आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "तुला कळतंय का? कार्ड कापलंस तू. हे पाठवलं नाही तर तू इथली नाहीस. हे लोक उद्या काहीही म्हणतील. ऑफिसं अशीच असतात. मला... मला तू इथं पाहिजेस गं." आणि तो रडायला लागला. डायनिंग टेबलाशी, शिऱ्याची वाटी हातात धरून, पन्नाशीला आलेला माणूस.

आई उठल्या. त्याच्या हातातून वाटी काढून घेतली. "तू लहानपणीही असाच. अंधारात आधी रडायचा, मग दिवा शोधायचा." मग मला म्हणाल्या, "यशोधरे, तुले काय वाटते?"

"खोटी सही करू नका," मी म्हटलं.

"ही माझी सून," आई त्याला म्हणाल्या. "ही मी निवडली नव्हती. तू निवडली. जन्मात एकच काम धड केलंस."

तो रडता रडता हसला. मग ईशानी बोलली. तिला वाटत होतं की भांडण अजून चालूच आहे, म्हणून घाईघाईनं. "आजी, यू नो व्हॉट दे डिड? तो सोल्जर्सवाला किंग ना, त्याच्यानंतर लाँग टाइमनी नवीन किंग अँड क्वीन आणले. अँड पार्लमेंट वॉज लाइक, आधी आमचे रूल्स ऐका. हे तुम्ही करू शकत नाही, हे पण नाही, हे पण नाही. मग क्राउन."

"आधी अटी, मग मुकुट?"

"काइंड ऑफ, येस."

"आणि राजा काय म्हणाला?"

"ही सेड ओके."

आईंनी फॉर्म पुढ्यात ओढला आणि ईशानीच्या दप्तरातून पट्टी मागवली. पट्टी धरून राजा, त्याचं नाव, त्याचे वारस आणि वारसांचे वारस एका सरळ रेघेनं खोडले. खालचं काहीही नाही खोडलं. आणि रेघेच्या शेवटी, समासात, 'र. बा.' अशी छोटी सही केली.

"हे काय?" राजरत्ननं विचारलं.

"खाडाखोड केली की बाजूले सही करायची असते. नाहीतर मागून कोणी म्हणेल, दुसऱ्यानं खोडलं." आमच्याकडच्या कुठल्याही सरकारी ऑफिसात ही रीत आहे. पूर्ण नोकरीत त्यांनी बिलांवर अशाच सह्या केल्या. मग खाली, जिथं करायची तिथं, त्यांनी पूर्ण सही केली. स्पष्ट, मराठीत, एक अक्षर दुसऱ्यावर न चढू देता.

राजरत्न हळू आवाजात म्हणाला, "एका राजाला असं वगळतात का, आई?"

"त्या पार्लमेंटवाल्यांना लढाया कराव्या लागल्या," आई म्हणाल्या. "मले पट्टीवर भागलं."

तो कागद स्कॅन करून राजरत्ननंच पाठवला. हे मी मुद्दाम लिहिते. बटण दाबण्याआधी त्यानं तो स्कॅन तीनदा उघडून पाहिला, पण त्यानं दाबलं. आणि सोबत खरं काय घडलं ते चार ओळींत लिहिलं: माझ्या आईनं शपथेचा हा भाग म्हटलेला नाही, बाकी सर्व म्हटला आहे, तिला बोलायचं होतं, तुम्ही बोलू दिलं नाही. पेरोलवाल्या माणसाच्या कोरड्या भाषेत लिहिलं. मला त्या रात्री तो फार आवडला.

त्यानंतर तुमच्याकडून काही नाही. पोच आली, ती यंत्राची. फोन केला तर गाणं लागतं. इकडे आई रोज संध्याकाळी दारावर आलेली उमेदवारांची पत्रकं चष्मा लावून वाचतात, ईशानीला शब्द विचारतात, एकाचा चेहरा लबाड आहे म्हणतात आणि दुसरीनं बसथांब्यावर बाक टाकीन म्हटलंय ते खरं करेल का यावर माझ्याशी वाद घालतात. तयारी चालू आहे त्यांची. तुमची कुठवर आली?

तुम्ही म्हणाल, नियम म्हणजे नियम. तुमच्या नियमांचा इतिहास मला आता थोडा माहीत आहे. तुमच्याच पूर्वजांनी राजाला दाराबाहेर ठेवलं, गुडघ्यावर बसूनही त्याला नाही म्हटलं, मुकुट देण्याआधी त्याला अटी वाचून दाखवल्या. ते सगळं तुम्ही शाळेत माझ्या मुलीला अभिमानानं शिकवता. तोच अभिमान अकोल्याची एक म्हातारी पट्टी घेऊन दाखवते तेव्हा तुमचा फोन गाणं का म्हणतो? तो हक्क नेमका कुणाकुणाचा होता?

माझ्या सासूनं तुमचा कायदा मान्य केला, तुमची घटना मान्य केली, ज्यांची ही जमीन मुळात आहे त्यांचे हक्क मान्य केले. न जन्मलेल्या कुणाचं तरी मोठेपण तेवढं मान्य केलं नाही. त्यांच्याजवळ आता ना तुमचं कार्ड आहे, ना तुमचा दाखला. मतदार याद्या होतायत.

रमाबाई या देशाच्या नागरिक आहेत की नाहीत? नसतील तर कोणत्या शब्दासाठी नाहीत, तो शब्द लिहून, खाली तुमचं नाव घालून, सही करून कळवा. उत्तर द्या.